कॅमेऱ्याला माझं वय कळतं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.

नवी वही. परदेशात लेकीकडे येऊन आठवडा झाला. तिला नववा लागलाय. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय. ती पडून राहते आणि पडल्या पडल्या मला सूचना देते.

आज एक गोष्ट पक्की केली. कळा सुरू झाल्या की तिला हॉस्पिटलला मी नेणार. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. कंपनीची व्हॅन घेऊन दिवसभर या बिल्डिंगीतून त्या बिल्डिंगीत. ऐनवेळी ते कुठल्यातरी लिफ्टच्या डोक्यावर उभे असायचे. घरची गाडी दारात आहे, मी परमिट काढून आलेय, आणि आमचे हे गेल्यावर आठ वर्षं दुधाची पिकअप मीच चालवली. एक कॅन कधी सांडला नाही. (एकदा सांडला. पण त्यात पाणीच जास्त होतं.)

नणंदेचं पहिलं पोर माझ्या पिकअपमध्येच झालं. दवाखाना तीन किलोमीटर राहिला होता. ती अजून ऐकवते. लेकीच्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही म्हणजे नाही.

फोन सांगतो, हॉस्पिटल बावीस मिनिटं. फोनला काय कळतंय.

३ मार्च, दुपारी १.

पहिली प्रॅक्टिस. सव्वीस मिनिटं. चूक माझी नाही, पाट्यांची. पन्नास, तीस, परत पन्नास, मग एकदम वीस. दर दोनशे पावलांवर नवा आकडा. लिलाव चाललाय की रस्ता? आणि गाडीत एक बाई बसवलीय, न दिसणारी. जरा पाय दाबला की टँव टँव. माझी सासू परवडली, ती निदान जेवताना गप्प असायची.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रेवाले आजोबा उभे होते. मला बघून हात खालीवर, खालीवर. मीही हात केला. विधवा बाई दिसली की यांचे हात शिवशिवतात, देश कुठलाही असो.

५ मार्च, बुधवार.

जावई चहाला समोर येऊन बसले, खुर्चीच्या अगदी कडेला. म्हणाले, आई, इथं स्पीडचं जरा कडक असतं हं. म्हणजे तुम्ही सांभाळूनच चालवता, मी आपलं सहज. मी म्हटलं, जावईबापू, काय ते मोकळेपणानं सांगा. तर म्हणाले, छे छे, काही नाही, चहा फार सुंदर झालाय. चहात साखर घालायची मी विसरले होते.

शेवटी आतून लेक ओरडली. एकदा पकडलं की दंड, वर लायसनवर तीन पॉइंट. बारा झाले की लायसन सहा महिने जमा. यांची नोकरी एक एप्रिलला पक्की व्हायचीय, आणि लायसन गेलं तर व्हॅन गेली, व्हॅन गेली तर नोकरी गेली. म्हणून हे वरात निघाल्यासारखी गाडी चालवतात, तूही तशीच चालव.

मी म्हटलं, बरं बाई.

निश्चय: पाट्या वाचायच्या. जमेल तेवढ्या.

८ मार्च, शनिवार.

वीस मिनिटं! शाळेजवळ डोळ्यांसमोर लख्खकन काहीतरी चमकलं. वीज म्हणावी तर आभाळ कोरडं ठणठणीत. लेकीला सहज विचारलं. ती उठूनच बसली. म्हणे तो कॅमेरा होता, आठ दिवसांत पत्र येईल. मी म्हटलं, मागच्या गाडीला चमकला असेल. मागे गाडी नव्हती, पण नवव्या महिन्यात बाईला किती ताण द्यायचा.

आठ दिवस पोस्टाच्या पेटीवर लक्ष ठेवायचं.

११ मार्च, मंगळवार.

परत चमकला. हॉस्पिटलच्या गल्लीत, विसाच्या पाटीखाली. वीस म्हणजे काय स्पीड आहे का? विसानं तर बाई रागावून पायी माहेरी निघते.

साडेएकोणीस मिनिटं.

१४ मार्च, शुक्रवार.

बाहेरच्या मोठ्या रस्त्याचं गुपित कळलं. तिथं दोन खांब आहेत, चार किलोमीटरच्या अंतरानं. पहिला खांब तुम्ही कधी आलात ते लिहितो, दुसरा कधी गेलात ते. मधला वेळ मोजून स्पीड काढतात. शाळेतल्या आगगाडीच्या गणितासारखं. ते गणित मला सातवीत एकटीला आलं होतं.

म्हणजे मध्ये हवं तसं पळवा आणि दुसऱ्या खांबाच्या आधी थांबा! थर्मास घेऊन गेले. खांबाअलीकडे बाजूला एक छान रिकामी जागा आहे. तिथं चार मिनिटं चहा. दुसरा खांब माझ्याकडे बघत राहिला.

एकूण बावीस मिनिटं. पण चहाची चार धरायची नाहीत. म्हणजे अठरा.

येताना शाळेजवळ चमकला. त्याला सवयच लागलीय माझी.

१७ मार्च, सोमवार.

पत्र नाही. माझ्या नावाचा एक चिटोराही नाही. दुपारी जावई जेवायला आले तेव्हा पेटीतून त्यांनी एक लांबट पाकीट काढलं, खिडकीवालं. कुणाचं हो, म्हटलं. म्हणाले, कंपनीचं. आणि खिशात घातलं. कंपन्यांना पाकिटांचा भारी सोस.

२२ मार्च, शनिवार.

दोन आठवडे झाले. तीनदा चमकून एकही पत्र नाही. नीट विचार केला. कॅमेरा फोटो काढतो. फोटोत काय दिसतं? पिकलेले केस, चष्मा, सुती साडी. ऑफिसातला माणूस म्हणत असेल, जाऊ दे रे, आपल्या आईच्या वयाची आहे. सरळ आहे. कॅमेऱ्याला माझं वय कळतं. हे इथल्या तरुण मंडळींना सांगून उपयोग नाही, त्यांना वयच नाही.

जावयांना आज परत दोन पाकिटं आली. जेवायला बसले. पोळी घेता का विचारलं तर तीनदा हो म्हणाले आणि एकही खाल्ली नाही. मी थट्टा केली, म्हटलं, बाप होण्याच्या कळा तुम्हालाच आधी सुरू झाल्या वाटतं. हसले. हसताना ओठच तेवढे हलले.

गेल्या रविवारी ते स्वतः गाडी घेऊन भाजी आणायला गेले, तर सायकलवाली बाई त्यांना मागे टाकून गेली. मी खिडकीतून पाहिलं. पुरुषाला थोडी धमक असावी.

२५ मार्च, मंगळवार.

सतरा मिनिटं!! रेकॉर्ड. शाळेजवळचा चमकला, मी त्याला हात केला.

कुत्रेवाल्या आजोबांनी आज दोन्ही हात खालीवर केले. प्रकरण वाढतंय. उद्यापासून गॉगल लावून जाणार.

२६ मार्च, बुधवार.

वाईट दिवस. चहाच्या जागी चहा घेत होते तर मागे निळ्या दिव्याची गाडी येऊन थांबली. उंच पोलिस. इथल्या लोकांशी मी मोडकंतोडकं बोलते आणि ते सावकाश बोलतात, भागतं. म्हणाला, ही जागा गाडी बिघडली तर थांबायला आहे. गाडी बिघडलीय का? मी म्हटलं, गाडी ठीक आहे, चहा निवत होता. घेता का घोटभर? नाही म्हणाला. परमिट बघितलं, माझं नाव तपासून तपासून चिठ्ठीवर लिहिलं. शुक्रवारपर्यंत काउंटरवर दंड भरा म्हणाला.

थांबण्याचा दंड! पळालं तर दंड, थांबलं तर दंड. मग माणसानं करायचं काय, तरंगायचं?

घरी सांगितलं नाही. गुपचूप भरून येणार.

२८ मार्च, शुक्रवार. दुपार.

चप्पल न काढताच लिहायला बसलेय.

लेकीला म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते. बसनं काउंटरला गेले. काचेआड एक जाड भिंगाची बाई, ओढलेल्या चेहऱ्याची. चिठ्ठी दिली, पैसे दिले. भीतभीत विचारलं, याचे पॉइंट किती? ती म्हणाली, तुम्ही पाहुण्या आहात, तुमचं परमिट बाहेरचं. पाहुण्यांना पॉइंट नसतात. फक्त दंड.

मला इतका आनंद झाला की तिथंच बसकण मारावीशी वाटली. मग तिनं गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर मारला आणि म्हणाली, पण या गाडीवर बाकीचे तीन आहेत, त्यांचे पॉइंट लागलेत. नऊ.

कुणाला, म्हटलं.

तिनं जावयांचं नाव वाचलं.

आठ, अकरा, चौदा मार्च. शाळा, हॉस्पिटलची गल्ली, परत शाळा. पत्र गाडीच्या मालकाला जातं. त्यात एकच प्रश्न असतो, गाडी कोण चालवत होतं? तिन्ही पत्रांवर जावयांनी लिहून दिलंय, मीच चालवत होतो. खाली सही.

माझ्या तोंडातून निघून गेलं, अहो, ते कुठले, मी होते! तीन माणसं वळून बघायला लागली. बाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, तसं असेल तर त्यांनी खोटं लिहून सही केली. ते प्रकरण दंडाचं नाही, कोर्टाचं. लिहून घेऊ?

आयुष्यात इतक्या जोरात मी कधी हसले नसेन. म्हटलं, चेष्टा केली हो बाई! मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. थट्टेखोर स्वभाव माझा, आमच्या गावात कुणालाही विचारा.

ती हसली नाही. पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. मग हळूच म्हणाली, पंचवीस तारखेचं चौथं आहे. त्याचं पत्र आज निघतंय, सोमवारी पोचेल. त्यावर खऱ्या माणसाचं नाव आलं तर बरं. खऱ्या शब्दावर तिनं जोर दिला. बाई मोठी शहाणी.

तीन चोक बारा. एवढं गणित मलाही येतं.

२८ मार्च, संध्याकाळ.

जावई आले, बूट काढले, आई, दमलात का विचारलं. मला! मी म्हटलं, नाही बाई, मी कशाला दमू.

सांगून टाकावं का? चार शब्दांचं काम आहे. पण काय सांगणार? की मी तुमच्या नोकरीवरून गाडी घातली, तीही तीनदा? सासूनं जावयापुढं मान खाली घालायची, आणि आठ वर्षांच्या पिकअपची पुण्याई धुळीला मिळवायची. त्यापेक्षा साधा प्लॅन आहे. सोमवारी पत्र मी आधी पकडणार. माझं नाव सुवाच्य अक्षरात लिहिणार. मग त्यांच्यापुढं ठेवायचं, म्हणायचं, जावईबापू, जरा इथं सही. संपलं. पॉइंट नाहीत, नोकरी शाबूत, बोभाटा नाही.

प्लॅन उत्तम आहे. रविवारी सही करून घ्यायचा सराव मनातल्या मनात केला की झालं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ८.

पेटीशेजारी स्टूल टाकून बसलेय. शेंगा सोलतेय, म्हणजे कुणाला संशय नको.

सकाळी ११.

पोस्टवाली येऊन गेली. एक जाहिरात, एक वीजबिल. मी तिची पिशवी बघू का विचारलं. नको म्हणाली.

दुपारी २.

जावई जेवायला आले. म्हणाले, आई, इथं का बसलात, वारं लागेल. मी म्हटलं, एका पत्राची वाट बघतेय. कुठल्या, म्हणाले. मी म्हटलं, येईल ते.

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, गाडीचं असेल तर आता पेटीत येत नाही. मी गेल्या आठवड्यात ते फोनवर यायचं करून घेतलं. तुमच्या नजरेला पडलं की उगाच मनाला लागेल. आजचं सकाळीच आलं. पाठवूनही दिलं.

काय पाठवलंत, म्हटलं.

लिफ्टच्या डोक्यावर उभा होतो, दोन बटणं दाबायची होती, नेहमीचंच, म्हणाले.

शेंगांचं पातेलं माझ्या हातातून सुटलं. मग मी सगळं बोलले. काउंटर, नऊ पॉइंट, पाहुण्यांना पॉइंट नसतात, नुसतं माझं नाव लिहायचं होतं. ते ऐकत होते आणि शेंगा वेचत होते. एकेक. शेवटी म्हणाले, आई, पण तुमचं नाव गुन्हेगार म्हणून मी माझ्या हातानं सरकारी कागदावर कसं लिहिणार होतो?

मी म्हटलं, अहो, मला एकदा दरडावून विचारायचं तरी!

तर म्हणाले, तुम्हाला? आणि असे दचकले की जणू मी त्यांना लिफ्टच्या खड्ड्यात उडी मारायला सांगितली.

लेक दारात येऊन उभी होती, पोटावर हात धरून. कधी आली कळलं नाही. म्हणाली, वा. दोघांनी मिळून एकमेकांचा मान राखलात आणि लायसन घालवलंत. आता तो मान फ्रेम करून भिंतीवर लावा.

मग मला म्हणाली, आणि ते कुत्रेवाले आजोबा पहिल्या दिवसापासून तुला हळू चालव, हळू चालव सांगतायत. मला दोनदा भेटून गेले. मी तुला सांगणार होते, पण तूच म्हणालीस, ते तुझ्यावर भाळलेत. इतकी खूश होतीस, म्हटलं जाऊ दे.

याच्यावर आज काही लिहीत नाही.

२ एप्रिल, बुधवार.

लायसन गेलं. सहा महिने. दंडाच्या बाबतीत इथलं सरकार फार तत्पर.

कंपनीनं काढलं नाही, पण पक्कंही केलं नाही. सहा महिने गोदामात बसायचं, नट-बोल्ट मोजायचे, मग बघू म्हणाले. पगार कमी. जावई पावणेसहाच्या बसनं गेले. डबा मी दिला. दारात म्हणाले, बरंच झालं आई, बाळ लहान असताना उंचावर चढायचं मला टेन्शनच होतं. असं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

एक मात्र आहे. आता घरात गाडी चालवू शकणारं माणूस मी एकटीच. लेकीला ऐनवेळी नेणार कोण? मीच. देवाची योजना असते.

दुपारी प्रॅक्टिस केली. प्रत्येक पाटी पाळली. विसाला वीस, तिसाला तीस. बाई एकदाही बोलली नाही. शाळेजवळचा खांब आंधळ्यासारखा उभा. बरोबर बावीस मिनिटं. हे मला आधीही जमलं असतं, कुणी नीट समजावलं नाही.

आता मी पूर्ण तयार आहे. बॅग डिकीत, टाकी फुल, चपलेऐवजी बूट.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७. हॉस्पिटलच्या बाकावरून.

नात झाली. पाच वाजून दहा मिनिटांनी. दोघी ठीक. नाक माझं घेतलंय, सुटका नाही.

कळा दोनला सुरू झाल्या. जावई गोदामातून नुकतेच आले होते. मी तोवर बूट चढवून, किल्ली हातात घेऊन दारात उभी. म्हटलं, चला, बावीस मिनिटं, एका पाटीला धक्का न लावता. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. कळ आली, तिनं दाराची चौकट धरली.

जावई माझ्यासमोर आले. हात पुढं केला. म्हणाले, नाही, आई.

मी म्हटलं, अहो, पण परवाच सगळं नियमात.

म्हणाले, नाही. मी टॅक्सी बोलावलीय. किल्ली द्या.

पाच वर्षं झाली लग्नाला. या माणसानं मला कशालाच नाही म्हटलेलं नाही. बिनसाखरेचा चहा प्यायले, तीन पोळ्यांना हो म्हणाले, चारदा मीच चालवत होतो म्हणून कळवलं. आवाज चढवला नाही. नुसता हात पुढं धरून उभे राहिले.

किल्ली दिली.

टॅक्सीत ते पुढं बसले, आम्ही दोघी मागे. टॅक्सीवाला मोठ्या रस्त्याला गेलाच नाही. नदीकाठच्या एका रस्त्यानं घेतली, पन्नासच्या वर काटा एकदाही नाही, मध्ये एका बदकाला थांबून रस्ता दिला. पोचलो तेव्हा घड्याळ बघितलं. बारा मिनिटं. लेक माझा हात पिरगाळत होती आणि मी दुसऱ्या हातातलं घड्याळ कानाला लावून बघितलं. चालू होतं.

दाराशी गाडी थांबायच्या आधी जावई मागे वळले. मला वाटलं, आता तरी धीराचं काहीतरी बोलतील.

म्हणाले, आई, बेल्ट लावला होतात ना?

नव्हता लावला.